सकाळी भुयार, दुपारी मेकाँग

वाचकांचे प्रश्न : प्रवास

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच सहलीबद्दल आहेत. व्हिएतनाममधल्या हो ची मिन्ह सिटीतून, म्हणजे जुन्या सायगावातून, सकाळी निघायचं, व्हिएतनाम युद्धात कम्युनिस्ट गनिमांनी वापरलेली कू चीची भुयारं बघायची, दुपारी मेकाँगच्या बेटांवर होडीतून फिरायचं आणि रात्री मुक्कामी परत यायचं. गाइड, गाडी आणि जेवण धरून ही एका दिवसाची सहल तिथे जागोजागी विकली जाते. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

आम्ही चौघं जातोय. आईबाबा ६८ आणि ७२ वर्षांचे आहेत. सायगावात दोनच दिवस आहेत. भुयारं आणि मेकाँग एका दिवसात जमेल का? – जुळे सोलापूर

जमतं, पण दिवसाचा मोठा भाग गाडीत जातो. आधी नकाशा बघा. कू ची शहराच्या वायव्येला आहे आणि मेकाँगकाठचं मी थो नैऋत्येला. कू चीतलं बेन दिन्ह हे ठिकाण शहरापासून साधारण ५० किलोमीटरवर, तर मी थो साधारण ७० किलोमीटरवर. एक बघून दुसरीकडे जायचं म्हणजे शहराला वळसा घालून शंभराहून जास्त किलोमीटर कापावे लागतात. त्यात स्कूटरची गर्दी.

दिवस साधारण असा जातो. सात-साडेसातला हॉटेलवरून उचलतात, नवाच्या सुमारास कू ची. तिथे दोन तास. मग गाडी, आणि दीडच्या आसपास मी थोला जेवण. दोन ते चार-साडेचार नदी. परत यायला साडेसहा-सात, शुक्रवार-रविवारी आणखी उशीर. एकूण पाच-सहा तास सीटवर बसून जातात.

तुमच्याकडे दोन दिवस आहेत, म्हणून आमचा स्पष्ट सल्ला: दोन्ही वेगळं करा. पहिल्या दिवशी सकाळी फक्त कू ची. दोनच्या आत परत याल. जेवून दुपारी शहरातलं युद्धावशेष संग्रहालय बघा. ते १९७५ पासून आहे आणि भुयारात जे ऐकलं त्याची छायाचित्रं तिथे आहेत. एजंट ऑरेंज या अमेरिकेनं फवारलेल्या विषारी तणनाशकाच्या दालनातली छायाचित्रं फार अस्वस्थ करणारी आहेत, आईबाबांना आधी सांगून ठेवा. दुसरा पूर्ण दिवस मेकाँगला द्या.

ज्यांच्याकडे खरंच एकच दिवस आहे त्यांनी एकत्र सहल घ्यावी, पण नऊ-अकरा सीटच्या लहान गाडीची. चाळीस सीटची बस हॉटेलं फिरून माणसं गोळा करते. तुमचं हॉटेल पहिलं असेल तर पाऊण तास तिथेच जातो. पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी विचारून घ्या: बेन दिन्ह की बेन दुओक, गाडीत माणसं किती, भुयाराचं प्रवेश तिकीट धरलंय का, आणि नदीवर मोठी मोटरबोट आणि वल्ह्याची लहान होडी दोन्ही आहेत का. बेन दुओक हे कू चीतलंच दुसरं ठिकाण, शहरापासून साधारण ७० किलोमीटर आहे. तिथे गर्दी कमी, पण मेकाँगसोबत एका दिवसात ते बसवायला जाऊ नका. तसं कुणी कबूल करत असेल तर मेकाँगचा वेळ कापला जाणार हे नक्की.

भुयारात श्वास कोंडतो का? मला बीपी आहे आणि गुडघे दुखतात. – होटगी रोड

भुयारात उतरण्याची सक्ती कुणालाच नसते. वरून फिरूनही बरंच दिसतं: लपवलेली दारं, बांबूच्या खिळ्यांचे सापळे, चुली, बॉम्बचे खड्डे, नादुरुस्त रणगाडा. सगळं झाडांच्या सावलीतल्या पायवाटेवर आहे आणि वयस्कर माणसांनाही चालण्यासारखं आहे.

पर्यटकांसाठीचा तुकडा साधारण शंभर मीटरचा असतो आणि मूळ भुयारापेक्षा रुंद केलेला आहे. तरीही उभं राहता येत नाही. कमरेत वाकून, पुढे पुढे बसून सरकत जावं लागतं. साधारण वीस-वीस मीटरवर बाहेर पडायला वाटा आहेत. पहिल्या वाटेपर्यंत जा, तिथे स्वतःला विचारा, मग पुढचं ठरवा. गुडघ्यांवर खरा भार बसून चालण्यानं येतो, रांगताना तो कमी असतो. बीपी, हृदयविकार, दमा, नुकतंच ऑपरेशन किंवा गरोदरपण असेल तर उतरू नका.

घोटाळा होतो तो अंधारानं नव्हे, पुढच्या माणसामुळे. तो फोटो काढायला थांबतो, मागची रांग अडते, वळायला जागा नसते, आणि उकाड्यात छाती धडधडायला लागते. म्हणून पुढच्यानं पाच-सात हात अंतर टाकल्याशिवाय शिरू नका आणि शक्यतो रांगेत शेवटी राहा, म्हणजे मागे सरकून बाहेर येता येतं. पाठीवरची सॅक गाइडकडे द्या, ती छताला घासते. मातकट रंगाचे सुती कपडे, पूर्ण पँट आणि पकड असलेले बूट घाला. पांढरा लेंगा-कुर्ता हॉटेलातच ठेवा.

जमिनीतल्या त्या प्रसिद्ध झाकणात उतरून फोटो काढायचा असेल तर रीत अशी: भोक जेमतेम एका ताटाएवढं, पण लांबट चौकोनी असतं. आधी पाय, मग कंबर, मग दोन्ही हात डोक्यावर सरळ उंच करून झाकण हातात धरायचं आणि खाली बसायचं. हात खाली ठेवले की खांदे अडकतात. कंबर सहज जात नसेल तर तिथेच थांबा, जोर लावू नका. बाहेर येणं आत जाण्यापेक्षा कठीण असतं, कारण तेव्हा सगळं वजन तळहातांवर उचलायचं असतं.

मी इतिहास शिकवतो. इतकी भुयारं नेमकी कू चीतच का? नदीकाठी का नाहीत? – बार्शी

हा प्रश्न विचारून जो जाईल त्याला ही सहल खरी कळेल, म्हणून सविस्तर लिहितो. उत्तर मातीत आहे.

कू चीची माती लोहयुक्त आणि चिकण आहे, कोकणातल्या जांभ्याची जातभाई. ओलसर असताना आखूड दांड्याच्या कुदळीला लागते आणि हवा लागून वाळली की विटेसारखी घट्ट होते. हा भाग मेकाँगच्या गाळाच्या सपाटीहून उंच आहे, भूजल खोल आहे. त्यामुळे लाकडी टेकू न देता भुयार टिकतं. आपल्या भागातली काळी रेगूर डोळ्यांसमोर आणा. पावसात फुगते, मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात असं भुयार एक पावसाळाही काढू शकलं नसतं.

खोदाईची सुरुवात १९४८ च्या सुमाराला, फ्रेंचांविरुद्धच्या लढाईत झाली. तेव्हाचे तुकडे लहान होते, लपायला आणि या वाडीतून त्या वाडीत निरोप न्यायला. १९५४ मध्ये दिएन बिएन फूला फ्रेंच हरले, देश दोन भागांत विभागला गेला आणि पुढे अमेरिकी सैन्य उतरलं. साठच्या दशकात हे तुकडे जोडत जोडत जाळं साधारण २५० किलोमीटरचं झालं. विहिरीसारखे खड्डे ठरावीक अंतरावर घ्यायचे, तळातून आडवं खणत एकमेकांना जोडायचे, आणि वरची तोंडं बुजवताना हवेसाठी फट ठेवायची. निघालेली माती बांबूच्या टोपल्यांतून रात्री नदीत, भाताच्या खाचरात किंवा बॉम्बच्या खड्ड्यात टाकायची. ताज्या मातीचा ढीग विमानातून दिसला की घात होता.

भुयारं तीन थरांत होती, वरचा साधारण तीन मीटर खोल आणि सर्वांत खालचा आठ-दहा मीटर. मध्ये मध्ये यू आकाराचं वळण घेऊन त्यात पाणी भरून ठेवत. आपल्या घरातल्या बेसिनखालच्या वाकड्या पाइपात पाणी साचून वास अडतो, तसंच इथे वरून सोडलेला धूर आणि वायू अडायचा. हवेची भोकं तिरकी, पाऊस आत येऊ नये म्हणून, आणि वरून वारुळाच्या आकारानं झाकलेली. कुत्र्यांना वास लागू नये म्हणून तोंडाशी तिखट टाकत. कुत्री तिखटानं शिंकतात हे कळल्यावर गनीम अमेरिकी बनावटीचा साबण वापरायला लागले, म्हणजे कुत्र्याला वास ओळखीचा वाटेल.

होआंग कामची चूल मात्र नीट बघा. स्वयंपाक्याच्या नावानं ओळखली जाणारी ही चूल फ्रेंचांविरुद्धच्या युद्धातच तयार झाली होती. जाळ खड्ड्यात असतो, धूर जमिनीतल्या लांब चरांतून जातो, चरांवर फांद्या आणि ओली माती असते. धूर गार होत विरत विरत दूर कुठेतरी गवतातून झिरपतो. स्वयंपाक पहाटे, धुक्यात. गाइड चुलीपाशी थांबून बोलतो तेव्हा तुम्ही चराच्या कडेनं दहा-पंधरा पावलं पुढे जा आणि खाली वाकून बघा. पानांतून निघणारी ती वाफेएवढी रेघ दिसली की बाकी भाषणाची गरज राहत नाही.

जानेवारी १९६६ मध्ये ऑपरेशन क्रिंप आणि जानेवारी १९६७ मध्ये ऑपरेशन सीडर फॉल्स अशा दोन मोठ्या अमेरिकी मोहिमा या परिसरावर झाल्या. दुसरीत सुमारे तीस हजार सैनिक होते. भुयारं संपली नाहीत. १९६८ च्या तेत, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या वेळच्या, हल्ल्यात गनिमांना सायगाववर चालून जायला हाच भाग उपयोगी पडला. नंतर बी-५२ विमानांच्या बॉम्बफेकीनं बराच भाग ढासळला. युद्ध ३० एप्रिल १९७५ ला संपलं.

आता दुसरा भाग: नदीकाठी का नाही? मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात हात-दीड हात खणलं की पाणी लागतं. तिथे भुयाराचं काम कालव्यांनी आणि निपा ताडाच्या दाट झाडीनं केलं. म्हणून सकाळचं आणि दुपारचं ठिकाण वेगळं मानू नका. एकाच युद्धाला माती बदलल्यावर वेगळं रूप कसं आलं, ते एका दिवसात दिसतं.

मी निवृत्त परिचारिका आहे. भुयारात दवाखाना होता म्हणे, शस्त्रक्रिया कशा होत असतील? – सात रस्ता

होत्या, आणि अतिशय कठीण परिस्थितीत. छतातून माती जखमेत पडू नये म्हणून पॅराशूटचं नायलॉन ताणून लावत. उजेडासाठी सायकलचे पेडल मारून दिवा लावत. जखमांइतकाच त्रास हिवताप आणि पोटातल्या जंतांचा होता. दिवसचे दिवस ओलाव्यात, ऊन नाही, विंचू-गोम अंगाखाली. बेन दिन्हच्या वाटेवर शस्त्रक्रियेच्या खोलीची प्रतिकृती दाखवतात. बरेच गट ती फोटो काढून दोन मिनिटांत ओलांडतात. तुम्ही गाइडला तिथे थांबायला सांगा.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, रणांगणाजवळ शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. देश वेगळा, युद्ध वेगळं, पण ज्या सोलापुरात त्यांचं घर स्मारक म्हणून जपलंय त्या गावच्या माणसानं ती मातीची खोली घाईनं ओलांडू नये असं आम्हाला मनापासून वाटतं.

मेकाँगवर नेमकं काय दाखवतात? तरंगता बाजार दिसेल का? मला पोहता येत नाही. – अक्कलकोट

तरंगता बाजार दिसणार नाही. काई रांगचा बाजार कान थो शहराजवळ आहे, सायगावपासून दीडशेहून जास्त किलोमीटर, आणि तो पहाटे भरतो. त्यासाठी कान थोला मुक्काम हवा. एका दिवसाच्या सहलीच्या जाहिरातीत त्याचा फोटो असेल तर त्या कंपनीला आधी विचारा.

मी थोला मेकाँगचा तिएन नावाचा फाटा आहे. पात्रात चार बेटं आहेत, ड्रॅगन, युनिकॉर्न, कासव आणि फिनिक्स अशी त्यांची नावं. बहुतेक गट युनिकॉर्न बेटावर, म्हणजे थोई सोनला, आणि पलीकडे बेन त्रेला नेतात. वाटेत नाकावर डोळे रंगवलेल्या मालवाहू होड्या दिसतात. पाणी गढूळ दिसलं म्हणून घाण समजू नका. तो गाळ आहे, श्रावणातल्या भीमेचा असतो तसा, आणि हा सगळा प्रदेश त्याच गाळानं घडलाय. वरच्या देशांतल्या धरणांत आता तो गाळ अडतो आणि उन्हाळ्यात समुद्राचं खारं पाणी नदीत वर चढतं. म्हणून घरांपुढे पावसाच्या पाण्याचे मोठे रांजण दिसतात. उजनीच्या पाण्यावर जगणाऱ्या माणसाला हे फोड करून सांगायला नको.

पुढे अरुंद कालव्यात चौघांची वल्ह्याची होडी असते. वल्हवणाऱ्या बहुधा बायका असतात. पोहता येत नसलं तरी चालतं, पण लाइफ जॅकेट घ्याच, आणि त्याची बक्कल नुसती अडकवू नका, पट्टा ओढून आवळा. सैल जॅकेट पाण्यात गळ्याशी चढतं. होडीत शिरताना मधोमध पाय टाका, कडेवर नाही, आणि दोघं एका बाजूला वाकून सेल्फी घेऊ नका. समुद्र जवळ असल्यानं इथे भरती-ओहोटी लागते. ओहोटीला कालव्यात चिखल उरतो आणि होडीची फेरी लहान होते किंवा वेळ बदलते. त्यात फसवणूक नसते. वल्हेवालीला वीस-तीस हजार डोंग बक्षिसी द्यायची पद्धत आहे.

नारळाच्या वडीचा कारखाना दाखवतील. नारळाचं दूध, तांदळाच्या माल्टचा पाक आणि साखर कढईत सतत ढवळत आटवतात, साच्यात ओतून पट्ट्या पाडतात, गरम असतानाच तुकडे करतात. आतला पातळ कागद तांदळाचा आहे, काढू नका, तोंडात विरघळतो. मधाचा चहा, फळं आणि दोन-तीन गाणी होतात. हे गाणं ‘दोन का ताई तू’ प्रकाराचं, २०१३ पासून युनेस्कोच्या यादीत. सगळीकडे विक्री असते, घेतलंच पाहिजे असं नाही.

नदीवर गाइड बहुधा युद्धाचं नाव काढत नाहीत. तुम्ही काढा. विचारा: जानेवारी १९६० मध्ये बेन त्रेचा उठाव कुठे झाला? २ जानेवारी १९६३ ची आप बाकची लढाई मी थोपासून किती लांब? १९६७ मध्ये अमेरिकी नदी-सेनेचा डोंग तामचा तळ कोणत्या बाजूला होता? आणि थोडं मागे जाऊन, १७८५ मध्ये व्हिएतनामी सेनानी न्ग्वेन हुएनं सयामी आरमार याच नदीत मी थोजवळ कसं कापलं? भरती-ओहोटीचा हिशेब धरून अरुंद पात्रात टाकलेला तो सापळा होता. चांगला गाइड अशा प्रश्नांनी खुलतो.

पूर्ण शाकाहारी आहोत, कांदा-लसूण चालतो. जेवणाचं काय? – पंढरपूर

बुकिंग करतानाच ‘आन चाय’, म्हणजे शाकाहारी, असं लिहून द्या आणि आदल्या संध्याकाळी पुन्हा आठवण करा. ‘मांस नको’ एवढंच सांगितलं तर माशाचं पाणी, ‘न्वोक माम’, भाजीत येतंच, कारण ते त्यांना मिठासारखं वाटतं. ‘न्वोक माम नको’ हे वेगळं सांगावं लागतं. मी थोच्या जेवणात टेबलावर अख्खा तळलेला मासा उभा करून ठेवतात. शाकाहारी टेबल वेगळं मागा.

कू चीत उकडलेला कसावा देतात, सोबत शेंगदाणा-तीळ-मीठ-साखरेचं कूट. आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तोच हा, सैनिकांचं रोजचं खाणं. तो गरम असतानाच खा, गार झाला की चामट लागतो. पिशवीत सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगा चटणी असू द्या. प्रवासात मोडत नाही, खराब होत नाही, आणि कसाव्याबरोबर ती चटणी फार सुरेख लागते.

१४ वर्षांच्या मुलाला तिथे खरी बंदूक चालवायची आहे. परवानगी द्यावी का? – विजापूर रोड

बेन दिन्हला नेमबाजीची जागा आहे. गोळ्या सुट्या मिळत नाहीत, दहाच्या हिशेबानं घ्याव्या लागतात, आणि खर्च सहलीच्या निम्म्यावर सहज जातो. आमचं मत: नको. जिथे एवढी माणसं मेली तिथे ती मजा शोभत नाही. शिवाय आवाज कानठळ्या बसवणारा असतो आणि ऐकू न आल्यानं गाइडचं अर्धं बोलणं वाया जातं. जवळून जाताना लहान मुलांचे कान झाका.

व्हिसा, पैसे, हंगाम? – कुर्डुवाडी

ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. एकदा प्रवेशाला २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाला ५०, मुदत ९० दिवसांपर्यंत. नाव पासपोर्टात आहे तसंच, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासह भरा. इथेच आपल्याकडचे अर्ज अडकतात.

एका रुपयाला साधारण तीनशे डोंग धरा. वीस हजार आणि पाच लाख, दोन्ही नोटा निळसर आहेत. अंधारात बक्षिसी देताना पंचवीसपट गेलेले लोक आहेत. पाच लाखाच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा. डिसेंबर ते एप्रिल कोरडा काळ. मे ते नोव्हेंबर पाऊस, तो बहुधा दुपारनंतर कोसळतो, म्हणून नदीच्या वेळी रेनकोट हाताशी हवा. छत्री होडीत उपयोगाची नाही. घड्याळ दीड तास पुढे.

व्हिएतनामचा खर्च झेपणारा नाही. युद्धाचा इतिहास आणि नदी असं सोलापूरजवळ काही? – मोहोळ

आहे, आणि फार कमी लोक त्या नजरेनं बघतात. मंगळवेढा रस्त्यावर साधारण ४० किलोमीटरवर माचणूर. भीमेच्या काठावर किल्ला, खाली सिद्धेश्वराचं मंदिर आणि घाट. जवळच्याच ब्रह्मपुरीत औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ होती. त्यानं गावाचं नाव इस्लामपुरी केलं होतं. मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेचा कारभार चार वर्षं या काठावरून चालला, आणि १६९७ मध्ये भीमेच्या पुरानं त्या छावणीची मोठी हानी केली. ऑक्टोबर १६९९ मध्ये तो इथून मराठ्यांचे किल्ले घ्यायला निघाला.

सकाळी सातला सोलापूर सोडा. आधी किल्ल्याच्या तटावर जा आणि नदीचं वळण बघा. एवढ्या मोठ्या छावणीला पाणी आणि जनावरांना चारा कुठून मिळत असेल ते तिथून समजतं. मग घाटावर उतरा. जुलै ते सप्टेंबर उजनीतून पाणी सोडल्याची बातमी बघूनच निघा. पाणी सोडलं की खालच्या पायऱ्या बुडतात आणि शेवाळानं निसरड्या होतात. होडी मिळाली तर नावाड्याला पूररेषा विचारा. तो हातानं दाखवेल ती जागा किल्ल्याच्या भिंतीशी ताडून बघा.